वारा आत कुठून, बाहेर कुठे? कॉम्प्युटरच्या पंख्याचा इतिहास

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली "म्हणजे बघा"ची संख्या थोडी कमी केलीय, बाकी मजकूर तोच.

आमच्या आष्टीत "कूलर" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पत्र्याचा डबा, वाळ्याचे किंवा गवताचे पडदे आणि खाली पाण्याची टाकी येते. आज मी ज्या कूलरबद्दल बोलणार आहे तो हाताच्या ओंजळीत मावतो. तो कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो, त्यात पाणी घालायचं नसतं. पण दोघांचा प्रश्न एकच आहे: गार हवा कुठून घ्यायची आणि तापलेली कुठून बाहेर काढायची? खिडकीत कूलर लावला आणि समोरचं दार बंद ठेवलं तर खोलीत नुसता दमटपणा साठतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तेच तत्त्व कॉम्प्युटरच्या बाबतीत उद्योगाला पक्कं करायला बरीच वर्षं लागली. ती गोष्ट आधी सांगतो, मग पंखा कसा निवडायचा त्यावर येतो.

सुरुवात मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका गटाने भारतात आराखडा करून भारतातच कॉम्प्युटर बांधला. १९५६ मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र चाललं, १९६० मध्ये पूर्ण आकाराचं यंत्र सुरू झालं आणि १९६२ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं "टिफरॅक". त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूबच्या आत फिलामेंट असतं, बल्बसारखं. एका साध्या ट्यूबच्या फिलामेंटला दोन वॅट धरले तरी २,७०० ट्यूबचे पाच किलोवॅटच्या वर जातात, आणि हा फक्त फिलामेंटचा हिशोब झाला. पाच शेगड्या चोवीस तास पेटलेल्या, आणि बाहेर कुलाब्याची दमट हवा! अमेरिकेतल्या १९४६ च्या एनिअॅकमध्ये तर सुमारे १८,००० ट्यूब होत्या आणि ते यंत्र दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खायचं. त्याची उष्णता बाहेर काढायला मोठाले ब्लोअर बसवावे लागले होते. म्हणजे कॉम्प्युटर आणि पंखा यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

मग ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, आणि मधली काही वर्षं घरगुती कॉम्प्युटरला उष्णतेचा विसर पडला. ८०८६ सारख्या प्रोसेसरवर साधा धातूचा तुकडाही नसायचा. ४८६ ची मूळ चिप चार-पाच वॅटची. १९९३ मध्ये पहिला पेंटियम आला तो ६६ मेगाहर्ट्झला १६ वॅटपर्यंत जायचा. आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण नखाएवढ्या जागेत १६ वॅट म्हणजे थट्टा नव्हती. तिथून प्रोसेसरवर छोटासा घरघरणारा पंखा रुजू झाला.

आता गमतीचा भाग. १९९५ मध्ये इंटेलने "एटीएक्स" नावाचं मापदंड आणलं. आज तुमच्या डेस्कखाली जी कॅबिनेट आहे, ती बहुतेक याच कुळातली. मूळ एटीएक्समध्ये कल्पना अशी होती की पॉवर सप्लायचा पंखा बाहेरची हवा आत ओढेल आणि थेट प्रोसेसरवर फुंकेल. एकाच पंख्यात दोघांचं काम, पैसे वाचले. पण ती हवा आधी पॉवर सप्लायच्या तापलेल्या भागांवरून येणार आणि मग प्रोसेसरवर जाणार. वर बाहेरची धूळ सगळी आत. जसजसे प्रोसेसर तापू लागले तसं हे जमेना, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये दिशा उलटी झाली: पॉवर सप्लायचा पंखा हवा बाहेर टाकू लागला. पंखा तोच, जागा तीच, फक्त वाऱ्याची दिशा फिरली. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी मला शिकवलं नव्हतं. मला यातून कळलं ते असं, की दिशा हा आराखड्याचा भाग आहे, तो शेवटी स्क्रू घट्ट करताना ठरवायचा मुद्दा नाही.

२००४ साली गाडी पुन्हा घाटात अडकली. पेंटियम ४ ची "प्रेस्कॉट" आवृत्ती शंभर वॅटच्या वर गेली आणि तिच्या पुढची "तेजस" नावाची चिप (हो, नाव आपलंच) इंटेलने मे २००४ मध्ये रद्द केली. वेग वाढवत राहायचं आणि उष्णता नंतर बघू, हा मार्ग संपला आणि एकाऐवजी दोन, चार, आठ कोअर देण्याकडे उद्योग वळला. त्याच सुमारास इंटेलने "बीटीएक्स" नावाचा नवा आराखडा मांडला. प्रोसेसर थेट पुढच्या पंख्यासमोर आणि वारा पुढून मागे एका सरळ रेषेत. कल्पना चांगली होती, पण प्रोसेसर कमी तापू लागले, कॅबिनेटवाल्यांनी जुनं सोडलं नाही, आणि २००६ मध्ये इंटेलने बीटीएक्सचा नाद सोडला. सरळ रेषेतला वारा मात्र टिकला. आज जे उभे "टॉवर" कूलर मिळतात, ते हेच करतात: तांब्याच्या उष्णता-नळ्या उष्णता वर पातळ पत्र्यांपर्यंत नेतात, आणि पंखा त्या पत्र्यांमधून आडवा वारा सोडतो.

हे सगळं घरगुती झालं. मोठ्या यंत्रांचं काय? इथे पुणे येतं.

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेसाठी तो मिळाला नाही. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये "परम ८०००" तयार झाला. नेतृत्व विजय भटकरांचं, म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या माणसाचं. पुढे २००७ मध्ये पुण्यातच टाटा समूहाच्या कंपनीने "एका" बांधला. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत तो चौथा होता, ११७.९ टेराफ्लॉप्स. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे यंत्रांची कपाटं सरळ रांगांऐवजी जवळपास वर्तुळाकार मांडली होती. कपाटांचा हा प्रश्न आपल्या डेस्कखालच्या डब्याचाच आहे, फक्त आकार मोठा. एका रांगेने बाहेर टाकलेली गरम वाफ पुढच्या रांगेने आत ओढली तर काय होणार? म्हणून नेहमीच्या डेटा सेंटरमध्ये रांगा समोरासमोर तोंड करून ठेवतात. एक गल्ली गार हवेची, पुढची गरम हवेची.

आणि २०१८ मध्ये पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, "प्रत्युष" आला. जो क्रे एके काळी नाकारला गेला, त्याच क्रेच्या घराण्यातला एक्ससी-४०. याची थंडावा द्यायची पद्धत पाहा: वारा पुढून मागे जात नाही, तो रांगेतून एका बाजूने दुसऱ्या बाजूला आडवा जातो. एका कपाटातून तापून निघालेली हवा पाण्याच्या जाळीवरून गार होते आणि पुढच्या कपाटात शिरते. ब्लोअर मोठे, थोडे आणि सावकाश फिरणारे. संस्थेचा पत्ताही मजेशीर आहे, डॉ. होमी भाभा रोड. टीआयएफआर ज्यांनी उभी केली, त्यांच्याच नावाचा रस्ता.

याचा आष्टीशी संबंध काय? थेट आहे. आमचा तालुका पर्जन्यछायेतला, पेरणीचा जुगार पावसाच्या अंदाजावर चालतो. त्या अंदाजांमागचं १२ किलोमीटरचं जागतिक मॉडेल ज्या यंत्रांवर चालायचं, त्यात हा प्रत्युष होता. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप्सचा "अर्क" आला, आणि मे २०२५ पासून ६ किलोमीटरचं मॉडेल सुरू झालं. १२ च्या जागी ६, म्हणजे आष्टी आणि कडा यांच्यातला फरक दिसण्याकडे एक पाऊल. ही यंत्रं गार राहिली नाहीत तर त्यांना वेग कमी करावा लागतो, आणि मग सकाळचा अंदाज सकाळी कसा मिळणार? तूर लावायची की थांबायचं, या निर्णयाच्या टोकाला कुठेतरी एक पंखा फिरत असतो.

आता डेस्कखाली परत येऊ. माझा एक मित्र आष्टीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याचा हंगाम नेमका एप्रिल-मे. बाहेर ४१ अंश, वर रात्री रेंडर लावायचं. त्याचा हिशोब मांडू. बरा टॉवर कूलर दर वॅटला पाव अंश तापमान वाढू देतो असं धरा. प्रोसेसर १२० वॅटचा, तर ३० अंशांची वाढ. खोलीत ४१, कॅबिनेटच्या आत ४६, म्हणजे कूलरचा तळ ७६ वर. चिपच्या आतलं तापमान त्याहून वर. आजच्या चिपची मर्यादा साधारण ९५ ते १०० अंश. आता पंखा चुकीच्या दिशेने बसवून मागची गरम हवा पुन्हा आत आली आणि कॅबिनेट ५५ ला पोचली, तर ते नऊ अंश सरळ वर चढतात. प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि चार तासांचं रेंडर सहा तासांवर जातं. नवरीकडचे फोन सुरू. महागडा कूलरसुद्धा खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, हे आपल्या भागात विशेष लक्षात ठेवायचं.

किती हवा लागते? १०० वॅट काढायचे आणि हवा १० अंशच तापू द्यायची, तर सेकंदाला सुमारे ८ लिटर. म्हणजे दर दोन सेकंदाला एक मोठी घागर भरून हवा. हे फार नाही. अडचण हवा मिळण्याची नसते, ती पत्र्यांच्या फटीतून ढकलण्याची असते. म्हणून खोक्यावरचा सीएफएमचा आकडा पाहून फसू नका, तो मोकळ्या हवेतला असतो. कूलरसाठी स्थिर दाब चांगला असलेला पंखा घ्या: रुंद पाती, आणि पाती व चौकटीत कमी फट. जागा असेल तर १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा, कारण तो सावकाश फिरून तेवढीच हवा देतो. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. एकाच कूलरवर दुसरा पंखा लावला, एक ढकलणारा आणि एक ओढणारा, तर थोडेच अंश मिळतात. गारवा दुप्पट होत नाही.

दिशा ओळखायची कशी? पंख्याची जी बाजू मोकळी दिसते ती हवा ओढते. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या आणि स्टिकर आहे, तिकडून हवा बाहेर पडते. काही चौकटींवर बाणही असतात. खात्री नसेल तर कॅबिनेटच्या तोंडाशी उदबत्ती धरा, धूर खोटं बोलत नाही. टॉवरचा वारा पुढून मागे, मागच्या बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या रेषेत ठेवा. काही मदरबोर्डांवर क्लिपमुळे टॉवर आडवा बसून वारा वर फेकतो. तसं असेल तर वरच्या झाकणाला बाहेर टाकणारा पंखा हवा. "गरम हवा आपोआप वर जाते" यावर विसंबू नका, पंख्यासमोर तो जोर किरकोळ असतो. प्रोसेसरसोबत मिळणारा छोटा कूलर मात्र मदरबोर्डकडे खाली फुंकतो, आणि ते ठीकच आहे, आजूबाजूचे भागही गार होतात.

आणि आपल्याकडची खास गोष्ट, धूळ. आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा आणि त्यांना जाळी लावा. मग हवा फटीफटीतून शिरण्याऐवजी जाळीतून येते. मळणीच्या दिवसांत जाळी महिन्याला झटका. आणि पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटच्या तोंडावर लावू नका, बोअरच्या पाण्याचे क्षार आत जाऊन बसतील.

जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. वावडीवर उभं राहून धान्य उपणताना वारा कुठून आहे ते आधी पाहिलं जायचं, नाहीतर भुसा तोंडावर. माझ्या मित्राला मी फक्त मागचा पंखा उलटा करायला लावला. एक रुपया खर्च झाला नाही, आणि रेंडर रात्रीत उरकू लागलं.

तुमच्या कॅबिनेटला किती पंखे आहेत आणि कुठल्या तोंडाने, ते कळवा. पुढच्या भागात उष्णता-नळीच्या आत पाण्याचा थेंब कसा फिरतो ते बघू. तोवर राम राम.