उघड्या आकाशाखालचा पडदा

बंगळूरच्या बनशंकरी वसाहतीला जिने नाव दिले, त्या देवीचे मूळ पीठ बदामीजवळ आहे. अनेक मराठी घराण्यांची ती कुलस्वामिनी असल्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांना हे नाव बदलीच्या हुकुमाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असते. पौष पौर्णिमेस तेथे भरणाऱ्या जत्रेत नाटक मंडळ्या तंबू ठोकतात आणि रात्र जागवतात. महाराष्ट्रातील जत्रांतून टूरिंग टॉकीजने हेच काम केले. मोकळ्या मैदानात, रात्रीच्या वेळी, सहकुटुंब खेळ पाहण्याची ही चाल ध्यानी घेतली, म्हणजे मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या 'ड्राइव्ह-इन' चित्रगृहांचा आपल्याकडील इतिहास अधिक उलगडतो.

या कल्पनेचा जन्म अमेरिकेतला. रिचर्ड हॉलिंग्सहेड या गृहस्थाने मे 1933 मध्ये तिचे पेटंट मिळविले आणि 6 जून रोजी न्यू जर्सीतील कॅम्डेनजवळ पहिला खेळ लावला. जमिनीला उतार देऊन प्रत्येक मोटारीचे तोंड उंचावायचे, म्हणजे पुढची मोटार पडद्याच्या आड येत नाही, ही त्यातील खरी युक्ती. 1949 साली न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरविले. महायुद्ध संपले होते, मोटारी वाढत होत्या; 1958 च्या सुमारास अशा चित्रगृहांची संख्या चार हजारांवर गेली. आज ती तीनशेच्या आसपास उरली आहे. दूरचित्रवाणीने प्रेक्षक नेले हे खरे. पण त्याहून मोठी अडचण जमिनीची होती. अंधार पडल्यावाचून खेळ नाही, म्हणजे दिवसभर एवढे विस्तीर्ण मैदान रिकामे. आणि शहर वाढत आले, की रिकाम्या मैदानाला मोठे मोल येते.

हिंदुस्थानात अहमदाबादेस 1973 मध्ये आणि मुंबईत वांद्र्यास 1977 मध्ये ही चित्रगृहे उघडली. अहमदाबादेतील चित्रगृहाने तर रस्त्याला आपले नाव दिले. तो आजही 'ड्राइव्ह-इन रोड' म्हणूनच ओळखला जातो. तेथे एक गंमत घडली. लोक मोटारीने आले खरे, पण मोटारीत बसून राहिले नाहीत. त्यांनी सतरंज्या अंथरल्या, घरचे डबे उघडले आणि परकीय कल्पनेची जत्रा करून टाकली.

वांद्र्याचे चित्रगृह मात्र 2003 मध्ये बंद झाले. सभोवती वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहत होते. पुढे 2021 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच परिसरात नवे ड्राइव्ह-इन निघाले, ते एका व्यापारी संकुलाच्या गच्चीवर, 290 मोटारींपुरते. पडदा टिकला, जमीन गेली ती गेलीच.

तेव्हा प्रश्न मोटारीचा नाही, मैदानाचा आहे, असे आम्हांस वाटते. जत्रेचा तंबू आठवडा-दोन आठवडे जागा मागतो आणि ती परत करतो. ड्राइव्ह-इन चित्रगृहाला ती कायमची हवी असते. म्हणूनच ते बहुधा इतरांच्या कृपेवर जगते. बनशंकरीसारख्या वसाहती आखताना घरे, रस्ते, बाजार यांचा हिशेब होतो. रात्री शंभर कुटुंबांना सतरंजी टाकून एकत्र बसता येईल, अशी एखादी मोकळी जागा त्या हिशेबात धरली, तर पडदा कोणीही आणून लावील. नाही धरली, तर पडदा असूनही माणसे आपापल्या काचेआड एकटीच बसतील.