कुलवृत्तांत आणि ग्रंथस्वामित्व

भोसरीचे रूप गेल्या काही दशकांत पार पालटले आहे. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले आणि घराणी पांगली. अशा वेळी आपले मूळ गाव, कुलदैवत व पूर्वजांची नावे शोधणाऱ्या ज्ञातिबांधवांस जुन्या ग्रामेतिहासांचा व कुलवृत्तांतांचाच आधार वाटतो. त्यांच्या प्रती दुर्मिळ झाल्याने पानांची छायाचित्रे मोबाइलवरून घरोघर फिरू लागली आहेत. हेतू स्तुत्य खरा. परंतु ग्रंथ दुर्मिळ झाला म्हणजे तो बेवारशी झाला, असे नव्हे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. घरोघरची दप्तरे उजेडात आल्यावाचून इतिहास सिद्ध होत नाही, ही दृष्टी आम्हांस तेथून लाभली. ग्रंथस्वामित्वाचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा ग्रंथकाराची बाजू सांभाळतो. १९५७ च्या कायद्यातील मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत १९९२ च्या दुरुस्तीने ६० झाली. ती मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजावयाची. हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांपुरते बोलावयाचे, तर १९२६ साली निवर्तलेल्या राजवाडे यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले; १९५९ साली वारलेल्या रियासतकार सरदेसाई यांचे २०२० च्या आरंभी झाले. १९७९ साली दिवंगत झालेल्या दत्तो वामन पोतदार यांच्या लेखनावरील हक्क मात्र २०३९ अखेरपर्यंत टिकेल. निनावी ग्रंथ व सरकारी प्रकाशने यांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. म्हणून १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर सर्वांस खुले आहे.

मग वंशावळ लिहिणाराने हात आखडावा काय? मुळीच नाही. ऐतिहासिक घटनांवर कोणाचेही स्वामित्व नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. पूर्वजांची नावे, पिढ्या, सन, वतनाचे गाव हे सर्वांचे धन आहे. ते आपल्या शब्दांत खुशाल लिहावे. हक्क आहे तो ग्रंथकाराच्या शब्दांवर व मांडणीवर. स्वतःच्या अभ्यासासाठी काही पाने उतरून घेणे निराळे आणि अवघा ग्रंथ शेकडो जणांस वाटणे निराळे.

मुदत संपली नसेल, तर हक्क ज्याच्याकडे असेल त्या वारसाची वा प्रकाशकाची लेखी संमती घ्यावी. ताम्रपटांतील दाने आचंद्रार्क असत. संमतिपत्रात काळ लिहिला नसेल, तर कायदा ती पाचच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरतीच. परदेशस्थ बांधवांसाठी हे दोन्ही उल्लेख अगत्याचे होत.

पायपीट करून, पदरमोड करून ज्यांनी आपल्या पिढ्या लिहून ठेविल्या, त्यांचे नाव मुखपृष्ठ गळालेल्या छायाचित्रांत उरत नाही. आपल्या पूर्वजांची नावे जपताना ती जपणाराचेच नाव पुसले जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक ज्ञातिबांधवाने घ्यावी, अशी आमची विनंती आहे.