लॉगमधले अनोळखी पाहुणे

तर मंडळी, काल शनिवार. चहा घेता घेता घरच्या सर्व्हरची आकडेवारी उघडली. सर्व्हर म्हणजे काय, तर राऊटरशेजारी पडलेला एक रास्पबेरी पाय. त्यावर घरचे फोटो, आणि पत्ता फक्त आई, बाबा आणि ताईला माहीत. तरी आठवड्यात हजारावर हिट्स! लॉग बघितला तर कोणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय. अहो, माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच!

प्रकार जुनाच आहे. जुलै २००१ मध्ये घरी अपाची सर्व्हर चालवणाऱ्या हौशी मंडळींच्या लॉगमध्ये अशीच एक विचित्र मागणी दिसायला लागली. 'डीफॉल्ट.आयडीए' नावाची फाईल आणि पुढे 'एन' अक्षरांची लांबच लांब माळ. हा 'कोड रेड' वर्म. ई-आय कंपनीचे मार्क मेफ्रेट आणि रायन पर्मे त्याचा अभ्यास करताना माउंटन ड्यूचं 'कोड रेड' पीत होते, म्हणून हे नाव!

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये एक भोक होतं. मापाबाहेर लांब मागणी आली की राखून ठेवलेली मेमरी ओसंडायची आणि मागणीत दडवलेला कोड चालू व्हायचा. मग ते मशीन स्वतःच वाट्टेल ते आयपी पत्ते काढून पुढची दारं ठोठवायचं. अपाचीत हे भोक नव्हतं, त्यामुळे तिथे फक्त लॉगमध्ये एक ओळ वाढायची. १९ जुलैला १४ तासांच्या आत ३,५९,००० हून जास्त मशीन्सना लागण झाली. २० तारखेपासून सगळ्यांनी मिळून व्हाइट हाऊसच्या साइटवर तुटून पडायचं, असा बेत होता. पण कोडमध्ये आयपी पत्ता ठोकून बसवलेला. तिकडे पत्ता बदलला आणि नेम चुकला.

मला खटकलं ते वेगळंच. पॅच १८ जूनलाच आला होता. तब्बल महिनाभर आधी! वर्म फक्त मेमरीत राहायचा, रीस्टार्ट केलं की जायचा. पॅच टाकला नसेल तर मात्र पुन्हा लागण. बऱ्याच जणांना तर आपल्या मशीनवर आयआयएस चालू आहे हेच ठाऊक नव्हतं. म्हणजे लॉगमधली ओळ कुणा खलनायकाची असेलच असं नाही. ती कुठल्यातरी घरातल्या, छोट्या ऑफिसातल्या आजारी मशीनची असायची, आणि मालकाला त्याचा पत्ताच नाही.

एवढं ज्ञान पाजळून मोठ्या तोऱ्यात माझ्या पायवर लॉगिन केलं. शेवटचा अपडेट अकरा आठवड्यांपूर्वीचा! "पुढच्या वीकेंडला करू" म्हणत राहून गेलेला. ऑफिसात दुसऱ्यांना पॅचची आठवण करून देणारा मी! उद्या दुसऱ्या कुणाच्या लॉगमध्ये तो अनोळखी पाहुणा माझाच पत्ता घेऊन गेला असता, आणि आईबाबांचे फोटो गेले असते ते वेगळंच.

असो. तेवढ्यात ताईचा फोन, "अरे, फोटो उघडत नाहीयेत."

म्हटलं, "थांब गं, अपडेट चालू आहे."