जोड-ठोकळा (पेनाचा)

लेथवर पेन कातण्यासाठी निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे चिकटवून केलेला चौरस छेदाचा ठोकळा. तो साधारणपणे १९ मिमी. जाड व १२५ मिमी. लांब असतो. अमेरिकेत अक्रोड, मेपल व चेरी ही लाकडे त्यासाठी प्रचलित आहेत.

‘सेल्टिक नॉट’ या नक्षीसाठी ठोकळ्यात ४५ अंशांचा काप घेऊन करवतीने खाल्लेल्या लाकडाइतक्याच जाडीची पट्टी त्यात चिकटवतात. सरस पुरता वाळल्यावर ठोकळा ९० अंशांनी फिरवून उरलेल्या तीन बाजूंनी हीच कृती करतात. कातल्यावर पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या कड्यांसारख्या दिसतात. पट्टीची जाडी चुकल्यास कडी जुळत नाहीत.

स्लिमलाइन प्रकारच्या पेनासाठी ठोकळा दोन भागांत कापून प्रत्येकात ७ मिमी. भोक पाडतात व पितळी नळी इपॉक्सीने बसवतात. उष्णतेने सांधे सुटू नयेत म्हणून भोक सावकाश पाडतात. कातताना हत्यार धारदार ठेवून पातळ थर काढतात.

हवेतील ओलाव्याचाही लाकडावर परिणाम होतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत न्यू जर्सीतील एडिसनमध्ये उन्हाळ्यात हवा दमट असते, तर हिवाळ्यात तापवलेल्या घरांत ती कोरडी होते. त्यामुळे लाकूड फुगते व आकसते. यासाठी चांगले वाळलेले लाकूड निवडून काही काळ कामाच्या खोलीतच ठेवतात आणि पेन कातून झाल्यावर त्यावर संरक्षक लेप देतात.