रहाटपाळण्याचे मोल

रहाटपाळणा हा शब्द आता मागे पडला आहे. आमच्या जिंतूरकडेही सगळे आकाशपाळणाच म्हणतात. जुन्या शब्दात मात्र विहिरीवरचा रहाट होता. गाडगी जशी रिकामी खाली जातात आणि भरून वर येतात, तशी चार पाळण्यांची ती लाकडी चौकट फिरे. आणि ती फिरवणारा हात माणसाचाच असे. शेतीच्या अवजारावरून खेळाला नाव मिळावे, यात त्या खेळाचे बरेचसे अर्थशास्त्र येऊन जाते, असे आम्हांस वाटते.

हा खेळ पश्चिमेकडून आला, असा एक समज आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी 1615 साली कॉन्स्टँटिनोपलच्या उत्सवात अशाच चक्रावर बसला होता, आणि पुढे 1620 मध्ये पीटर मंडी या इंग्रजाने बाल्कन प्रदेशात ते पाहून नोंदवून ठेवले. जॉर्ज फेरिसने 1893 साली शिकागोच्या जगप्रदर्शनात उभे केले ते याचेच लोखंडी, 264 फूट उंचीचे, 36 डब्यांचे विराट रूप. त्याचे मोल पाहण्याजोगे आहे. अख्ख्या जगप्रदर्शनाचा प्रवेश 50 सेंट, आणि या एका चक्राची बैठकही 50 सेंट.

जिंतुरातल्या मुलांच्या वाट्याला हे चक्र वर्षातून एकदा, परभणीच्या उरुसात येई. सय्यद शाह तुराबुल हक यांचा हा उरूस फेब्रुवारीत भरतो. तेव्हा कापूस विकून झालेला असतो, ज्वारीची कणसे भरत आलेली असतात. घरात थोडा पैसा असेल तर तो याच दिवसांत. चाळीसेक किलोमीटरचा एस.टी.चा प्रवास, दर्ग्याचे दर्शन, मलिद्याचा प्रसाद, आणि मग ज्यासाठी रडून आलो तो पाळणा.

त्या पाळण्याचा दर कोणी हिशेबाने ठरवलेला नसे. मुलाच्या मुठीत जे नाणे असण्याचा संभव, तोच दर. निजामी राजवटीत ते नाणे हाली सिक्क्याचे होते. 1957 च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली आणि आण्याचे सव्वासहा पैसे होऊ लागले; सरकारी कोष्टकाने वरचा पाव पैसा सोडून दिला. खेड्यापाड्यांत हिशेब मात्र पुढेही कित्येक वर्षे आण्यांतच चालला, आमच्या पिढीनेही पंचवीस पैशांना ‘चार आणे’च म्हटले. 2011 च्या जून अखेरीस ते चार आणेही चलनातून गेले. पाळणा तोवर त्यांच्या कितीतरी पुढे निघून गेला होता.

दराइतकीच फेऱ्यांची संख्याही अनिश्चित असे. गिऱ्हाईक कमी असले की पाळणेवाला दोन फेऱ्या जास्त देई, गर्दी झाली की लवकर उतरवी, आणि रडणाऱ्या मुलाला कधी फुकटही बसवी. हा उदारपणा होता असे नव्हे. फिरवणारा हात स्वतःचा असला की एका फेरीचा खर्च कोणी मोजत नाही, इतकेच.

मराठी रंजनाच्या इतिहासात तिकीट कनातीसोबत येते. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत खेळ केला तो राजाश्रयाने. 1853 मध्ये मुंबईत त्यांची नाटके नाट्यगृहात तिकीट लावून झाली. विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीचा 1880 चा तंबूही त्याच मार्गावरचा. प्रेक्षकाला आधी बंदिस्त करायचे आणि मग पाहण्याचे पैसे घ्यायचे, हे त्याचे तत्त्व. पाळण्याला कनात लावता येत नाही. तो उंच असतो, लांबून दिसतो. म्हणून तमाशाच्या फडाबाहेर आणि टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर राहिलेल्या माणसालाही पाळणा पाहता येई. बसण्याचे पैसे पडत, पाहण्याचे नाही.

मग मोटार आली, लोखंड आले, जनरेटर आला. ‘टोराटोरा’, ‘ब्रेकडान्स’, ‘कोलंबस’ अशा नावांचे अजस्र पाळणे ट्रकांतून गावोगाव फिरू लागले. त्यांना जागेचे भाडे, डिझेल, परवाने, मजूर हे सारे अंगावर घ्यावे लागते, आणि हा खर्च पाळणा रिकामा फिरला तरी सुटत नाही. साहजिकच वेळ मोजून मिळू लागला. फेरी शिट्टीने सुरू होते, शिट्टीने संपते. फुकटच्या दोन फेऱ्या कुणा दुष्ट मालकाने नव्हे, डिझेलने बंद केल्या. हाताचा पाळणा राहिला तो अगदी लहानग्यांसाठी, मैदानाच्या कडेला.

याच्या पुढची पायरी म्हणजे दर फाटकाशी नेणे. डिस्नेलँडमध्ये 1955 पासून खेळागणिक तिकिटे होती. ती पद्धत 1982 साली संपली आणि फाटकावर एकच रक्कम द्यावी लागू लागली. आपल्याकडे गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये उघडले, खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये. दोन्हीकडे रीत ठेवली गेली ती दिवसाचे एकच तिकीट घेऊन आत शिरण्याची. हिशेब सोयीचा खरा. पण नुसते पाहणारा माणूस त्यात बसत नाही, कारण न बसण्याचाही दर तोच. वस्तू व सेवा कराने 2017 मध्ये अशा प्रवेशावर 28 टक्के लावले आणि 2018 च्या जानेवारीत ते 18 केले. त्या अधिसूचनेत थीम पार्क, जलउद्यान, चक्रीपाळणा आणि चक्क बॅले, सगळे एका ओळीत बसवलेले आहेत. (बॅले जिंतुरात अद्याप आलेला नाही.)

जिल्ह्याच्या गावांत आता सुट्ट्यांत पत्र्याचे कुंपण घालून ‘आनंदनगरी’ उभी राहते. प्रवेशाचे वेगळे, पाळण्याचे वेगळे. परभणीच्या उरुसात मात्र पाळण्याच्या जाळीबाहेर अजून माणसे उभी असतात. बहुतेक बायका असतात, काखेत पोर, हातात चपला. वर गेलेल्या आपल्या मुलाला खालून हाक मारतात. त्याला ती ऐकू येत नाही.