हार्ड डिस्कवरचे '१० लाख तास' खरे असतात का? एमटीबीएफ आणि रिलायबिलिटी टेस्टिंग

हार्ड डिस्क किंवा एसएसडीची डेटाशीट उघडली की एक ओळ हमखास सापडते: एमटीबीएफ १० लाख तास. कुठे १५ लाख, कुठे २० लाख. आता साधा हिशोब करा. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे १० लाख तासांची झाली ११४ वर्षं. आणि त्याच डिस्कवर वॉरंटी मिळते ३ किंवा ५ वर्षांची! मग कंपनी खोटं बोलते का? तसं नाही. आकडा बरोबर असू शकतो, फक्त तो तुमच्या हातातल्या डिस्कबद्दल नसतो.

एमटीबीएफ म्हणजे मीन टाइम बिटवीन फेल्युअर्स, दोन बिघाडांमधला सरासरी काळ. जी वस्तू दुरुस्त न करता बदलूनच टाकायची असते तिच्यासाठी एमटीटीएफ, म्हणजे मीन टाइम टू फेल्युअर, हा शब्द जास्त बरोबर. पण डेटाशीटवर दोन्ही सर्रास एकाच अर्थाने वापरतात.

समजा एका कॉलेजात विशीतली १००० मुलं आहेत आणि वर्षभरात दुर्दैवाने त्यातला एक जण दगावला. १००० मुलं गुणिले १ वर्ष, भागिले १ मृत्यू. उत्तर आलं १००० वर्षं. म्हणून काय ती मुलं हजार वर्षं जगणार आहेत? नाही. विशीत मृत्यूचं प्रमाण किती कमी असतं एवढंच तो आकडा सांगतो. म्हातारपणाबद्दल तो काहीच बोलत नाही, कारण त्या वर्षात कुणी म्हातारं झालंच नाही. डिस्कचं अगदी तसंच आहे.

म्हणून हा आकडा उलटा करून वाचायचा. ८७६० भागिले १० लाख, म्हणजे ०.८८ टक्के. वर्षभरात १००० पैकी साधारण ९ डिस्क बंद पडतील, एवढाच कंपनीचा दावा असतो. याला एएफआर म्हणतात, म्हणजे वर्षाचा बिघाड दर. माझ्या मते डेटाशीटवर फक्त हाच छापायला हवा, पण '०.८८ टक्के बिघडतील' यापेक्षा '१० लाख तास' ऐकायला भारी वाटतं हे उघड आहे.

हा आकडा काढतात कसा?

११४ वर्षं थांबून कुणी टेस्टिंग करत नाही. १००० डिस्क घ्यायच्या आणि १००० तास, म्हणजे ४२ दिवसांच्या आसपास, सतत चालवायच्या. झाले १० लाख 'डिस्क-तास'. जितक्या बंद पडल्या तितक्याने भागायचं.

एकही बंद पडली नाही तर? शून्याने भागता येत नाही, आणि 'ही डिस्क कधीच बिघडत नाही' असंही म्हणता येत नाही. इथे स्टॅटिस्टिक्सचा एक सोपा नियम लागतो: शून्य बिघाड आले तर एकूण तासांना ३ ने भागा. म्हणजे एवढी मोठी टेस्ट निर्दोष पार पडली तरी ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की एमटीटीएफ किमान ३.३ लाख तास आहे. टेस्टमध्ये काहीच झालं नाही, याचा पुरावा म्हणून भाव आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

वेळ वाचवायला दुसरी युक्ती म्हणजे उष्णता. स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं सांगणारं सूत्र मांडलं. इलेक्ट्रॉनिक्सवाले तेच वापरतात: गरम चेंबरमध्ये पार्ट चालवायचे आणि तिथल्या एका तासाला नेहमीच्या वापराचे अनेक तास धरायचे. पण यात एक अट आहे. गरम केल्यावर जो बिघाड होतो, तोच थंडपणे चालतानाही होणारा असला पाहिजे. फोन हातातून फरशीवर पडणं हे कुठल्याही ओव्हनमध्ये लवकर घडवून आणता येत नाही.

आणि या सगळ्याखाली एक गृहीतक लपलेलं असतं: बिघाडाचा दर कायम सारखाच राहतो. इंजिनिअरिंगला ई रेज टू मायनस लॅम्डा टी हे सूत्र पाठ केलं असेल, ते हेच. त्याचा अर्थ नीट लावला तर विचित्र आहे: पाच वर्षं वापरलेली डिस्क नव्या डिस्कइतकीच चांगली! प्रत्यक्षात नवीन माल आधी थोडा जास्त बिघडतो, मग दर खाली येतो आणि शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा वर चढतो. हा आलेख आंघोळीच्या टबसारखा दिसतो म्हणून त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. वय लक्षात घेणारं मॉडेल हवं असेल तर इंजिनिअर वायबुल वितरण वापरतात. वायबुल हेही स्वीडनचेच, त्यांचा गाजलेला पेपर १९५१ चा.

लॅबच्या बाहेर काय दिसलं?

२००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी मोठमोठ्या कॉम्प्युटर सेंटरमधल्या सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. डेटाशीटप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के ही नेहमीची गोष्ट निघाली, आणि काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय टबचा सपाट तळ फारसा दिसलाच नाही. बदलण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढतच गेलं. कंपन्यांची बाजूही आहे: परत आलेल्या बऱ्याच डिस्क त्यांच्या टेस्टमध्ये चांगल्या निघतात. पण ज्याचा डेटा अडकलाय, त्याच्यासाठी चालत नाही ती डिस्क बिघडलेलीच.

फोनच्या बाबतीत

फोन म्हणजे एका साखळीत जोडलेले शेकडो पार्ट. समजा ५०० पार्ट आहेत आणि प्रत्येक पार्ट वर्षभर टिकण्याची शक्यता ९९.९९ टक्के. ०.९९९९ चा ५०० वा घात करा: ९५ टक्के. म्हणजे एवढे उत्तम पार्ट वापरूनही १०० पैकी ५ फोन वर्षभरात सर्व्हिस सेंटरला.

हा झाला साधा बिघाड. जीवघेणा बिघाड क्वचित होतो, आणि तोच टेस्टिंगमध्ये पकडणं अवघड असतं. सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ ची गोष्ट घ्या. ऑगस्ट २०१६ मध्ये फोन आला, सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागवले. तोपर्यंत नोंद झालेल्या घटना होत्या ३५. कंपनीच्या हिशोबाने १० लाखांत २४ फोन. आता आपण हिशोब करू. असा दोष असलेले १० हजार फोन तुम्ही लॅबमध्ये तपासले, तरी त्यातला एकही न पेटण्याची शक्यता ७९ टक्के आहे! टेस्ट पास, फोन बाजारात. एक तरी फोन पेटेल याची जवळपास खात्री हवी असेल तर संख्या लाखांत न्यावी लागते. नंतर कारण शोधताना सॅमसंगने खरंच २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासल्या, त्यासाठी ७०० जण लावले.

त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. बदलून दिलेल्या फोनमध्ये दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती, आणि तेही पेटले. जानेवारी २०१७ च्या अहवालानुसार पहिल्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात इलेक्ट्रोड दबून वाकला होता. दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. कारणं दोन वेगळी, आग एकच. पुरवठादार बदलला की धोका गेला, हे मॉडेल चुकीचं होतं.

चांगल्या बॅटरीसाठी मात्र एमटीबीएफचा काही उपयोग नाही, कारण ती अचानक बिघडत नाही, झिजते. तिथे चार्जिंग सायकल बघा. २० जून २०२५ पासून युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची असली पाहिजे. रोज एक पूर्ण सायकल धरली तर सव्वादोन वर्षांहून थोडं कमी.

तुमच्या फोटोंचं काय?

एका डिस्कचा वर्षाचा बिघाड दर २ टक्के धरू. दोन डिस्कवर कॉपी ठेवली तर दोन्ही जाण्याची शक्यता ०.०२ गुणिले ०.०२, म्हणजे ०.०४ टक्के. अडीच हजारात एक. छान वाटतं, पण हा गुणाकार फक्त दोन बिघाडांचा एकमेकांशी संबंध नसेल तरच चालतो. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच बॅचच्या दोन डिस्क, एकाच बॅगेत, एकाच लॅपटॉपला जोडलेल्या असतील तर बॅग चोरीला गेली किंवा व्हायरस आला की दोन्ही एकदमच जातात. मग दुसरी कॉपी दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर आणि दुसऱ्या घरात ठेवा. मामाकडे ठेवली तरी चालेल.

फोनशी सिंक असलेलं क्लाउडही पूर्ण स्वतंत्र नसतं. गूगल फोटोजच्या ॲपमधून फोटो डिलीट केला की तो क्लाउडमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो.