पाळणा सुटल्यावर

हैद्राबादेतील गौळीगुडा, काचीगुडा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत मुलाचे पहिले स्वतंत्र अंथरूण म्हणजे पाळणा. धाकटे भावंड आले की थोरल्याचा पाळणा सुटे. त्या चिमण्या जिवाचे राज्यच गेले म्हणा ना! मग आजीच्या अंथरुणालगत त्याची वेगळी गोधडी पडे. गोष्ट संपून डोळा लागेपर्यंत आजीचा हात पाठीवर असे. पुढे तो रोज थोडा लवकर निघे.

डॉ. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या. मुलास आपणहून निजता-उठता येईल असे जमिनीलगतचे अंथरूण द्यावे, हे त्यांचे मत. गोधडीवर वाढलेल्या आम्हांस त्यात नवल ते काय वाटावे! मात्र आजीच्या हाताची उणीव नुसत्या बुटक्या खाटेने भरून निघेल, असे आम्हांस वाटत नाही.